पोहे निवायच्या आत विचारून घ्या

मी ३१ वर्षं वाई तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. गावात सगळे नर्सबाईच म्हणायचे. तांबी (कॉपर-टी) बसवणं, गोळ्या वाटणं, शिबिराला बायका घेऊन जाणं, अडलेल्या बाळंतिणीपाशी रात्र काढणं यात नोकरी गेली. निवृत्त झाले तरी लग्न ठरत आलेली मुलंमुली, कधी त्यांच्या आया, अजून माझ्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते. मूल हवं का, शरीरसंबंधाबद्दल आपलं काय म्हणणं आहे, की यातलं काहीच नको, हे लग्नाआधी कसं बोलायचं, एवढाच विषय. मानपान आणि पत्रिका जुळवून द्यायला माणसं पुष्कळ आहेत.

आधी कागद घ्या

समोरच्याला विचारायच्या आधी स्वतःला विचारायचं. एक साधा कागद घ्या आणि चार शब्द एकाखाली एक लिहा: लग्न, संबंध, मूल, कधी. प्रत्येकापुढे 'हवं', 'नको' किंवा 'अजून ठरलं नाही' यातलं एक लिहा. 'ठरलं नाही' हे खरं उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त 'घरचे म्हणतील तसं' असं लिहू नका. ते तुमचं उत्तर नाही, घरच्यांचं आहे.

चार शब्द वेगळे लिहायला सांगते, कारण आपल्याकडे ते एकाच दोऱ्यात ओवलेले असतात. लग्न झालं म्हणजे संबंध आले, संबंध आले म्हणजे वर्षात पाळणा हलला पाहिजे. माणसं मात्र तशी एका साच्यातली नसतात. माझी थोरली आत्या प्राथमिक शिक्षिका होती. तिनं लग्न केलं नाही. तिला कुणी फसवलं नव्हतं, कुठलं दुःखही नव्हतं. तिला एकटीनं राहायला आवडायचं आणि ते ती सांगायची. कुणाला लग्न हवं असतं, मूल नको असतं. कुणाला मूल हवं असतं, लग्न नको. अशा एकट्या बाईला कायद्यानं मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, मुलगा घेता येतो. कुणाला जन्माची सोबत हवी असते पण शरीराची ओढ मुळातच नसते. ही सगळी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातलं कुणी आजारी नव्हतं.

एक मात्र तपासून घ्या. 'मला नको वाटतं' आणि 'मला दुखतं म्हणून नको वाटतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखत असेल, भीतीनं अंग आखडत असेल, तर त्यावर उपचार आहेत आणि गुणही येतो. पूर्वी इच्छा होती आणि आता अजिबात राहिली नाही असं असेल तर थायरॉईड, मधुमेह, मनाची उदासी, रक्तदाबाच्या किंवा उदासीवरच्या काही गोळ्या, अशी कारणं असू शकतात. तेव्हा डॉक्टरांना दाखवा. पहिल्यापासूनच ओढ नसेल आणि तुम्हाला त्याचा त्रासही नसेल, तर औषध शोधत फिरू नका. मात्र ज्याच्याशी लग्न करणार त्याला हे सांगायला हवं.

कुठं आणि कोणत्या शब्दांत

पहिल्या भेटीत घरात बारा माणसं असतात. मामा शेतीचं विचारतात, काकू रंग न्याहाळतात. तिथं हे बोलू नका. दुसरी भेट मागून घ्या, दोघांचीच, आणि चालत जाता येईल अशी: देवळापर्यंत, कॅनॉलच्या कडेनं, बसस्टँडच्या मागच्या रस्त्यानं. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, जीभ सुटते. हॉटेलात समोरासमोर बसून हे बोलणं फार अवघड जातं.

शब्दांची अडचण खरी आहे. आपल्या भाषेत या गोष्टीला एक तर पुस्तकी शब्द आहे नाही तर शिवी. उपकेंद्रात बायका 'मालक जवळ येतात' म्हणायच्या, मी 'संबंध' म्हणायचे. संबंध हा चांगला शब्द आहे, त्यात लाज नाही आणि आडपडदाही नाही. तोच वापरा.

'मुलं किती हवीत?' असं विचारू नका, त्यात मुलं गृहीत धरलेली असतात. आधी स्वतःचं सांगा, मग विचारा. 'मला एक मूल हवंय, पण तीन वर्षं तरी नको. तुम्हाला मूल हवंसं वाटतं का?' किंवा 'मला मूल नको असं माझं ठरलंय. आत्ताच सांगते, कारण नंतर सांगणं म्हणजे फसवणूक होईल.' संबंधांबद्दल: 'पहिल्याच रात्री सगळं व्हायला पाहिजे असं मला वाटत नाही. आधी ओळख होऊ दे. तुम्हाला काय वाटतं?' एवढं बोलून गप्प राहा. समोरचा गडबडेल, विषय बदलू पाहील. बदलू द्या, आणि पाच मिनिटांनी परत विचारा.

उत्तर ऐकताना काही वाक्यांपाशी थांबावं लागतं. 'बघू पुढे' म्हणजे बहुतेक वेळा माणसानं विचारच केलेला नसतो. त्याला आठ दिवस द्या, कागदाची युक्ती सांगा. 'आईची फार इच्छा आहे' असं आलं तर विचारा, 'आईंची इच्छा बाजूला ठेवली तर तुमची काय?' आणि 'लग्न झालं की तुझं मत बदलेल' असं कुणी म्हणालं तर ते नीट ऐका. त्याला तुम्ही आज आहात तशा नको आहात, बदललेल्या हव्या आहात.

ज्याला ब्रह्मचर्य पाळायचं आहे त्यानं

यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण इथं माझ्या हातून चूक झाली.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक सासू सुनेला घेऊन आली. लग्नाला बावीस महिने झालेले, 'बाई, हिला काही होत नाही, तपासा.' आतल्या खोलीत तपासणीचं टेबल, हिरवा पडदा आणि एक लोखंडी स्टूल. सासूला मी बाहेर बाकावर बसवलं. मुलगी स्टुलावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. पाळीची तारीख विचारली, तिनं सांगितली. मालक शेवटचे जवळ कधी आले ते विचारलं. तिनं पदर एवढा आवळला की बोटाचं पेर पांढरं पडलं. मग खाली बघत म्हणाली, 'तसं काही झालंच न्हाई अजून.'

नवऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. सरळ, शांत मुलगा. लहानपणापासून त्याच्या मनात ब्रह्मचर्य होतं. घरी त्यानं सांगितलंही होतं. आईनं विहीर जवळ करीन म्हटल्यावर तो मुकाट्यानं उभा राहिला. मुलीला लग्नाआधी कुणीच काही सांगितलं नव्हतं, त्यानंही नाही. मी तिला म्हणाले, 'धीर धर, पुरुषाचं मन वळतं.' त्याचं मन वळायचं नव्हतं, आणि वळावं असं मला वाटायलाही नको होतं. ती आणखी तीन वर्षं वांझ म्हणवून घेत त्या घरात राहिली. शेवटी भावानं तिला नेलं आणि दोघांनी संमतीनं घटस्फोट घेतला. त्या दिवशी मी तिला आणि त्या मुलाला समोरासमोर बसवून खरं बोलायला लावलं असतं, तर तिची तीन वर्षं वाचली असती.

ब्रह्मचर्याला आपल्याकडे मान आहे आणि तो असावा. रामदास 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेले असं सांगतात, विनोबांनी लग्नच केलं नाही. दुसरीकडे एकनाथ आणि तुकाराम संसारात राहूनच संत झाले. दोन्ही वाटा आपल्याच आहेत. पण बोहल्यावर उभी राहिलेली दुसरी व्यक्तीही माणूस असते. रामदासांची गोष्ट ऐकताना मला नेहमी अंतरपाटापलीकडच्या त्या मुलीची आठवण येते, तिच्याबद्दल कीर्तनात कुणी बोलत नाही. गांधीजींनी १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत व्रत घेतलं तेव्हा त्यांना चार मुलगे होते. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तोवर त्यांनी कस्तुरबांशी हा विचार बोलला नव्हता, व्रत घ्यायच्या वेळीच त्यांना विचारलं आणि त्यांची हरकत नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातूनही बोलणं शेवटी राहिलं, तर तुमच्याआमच्या हातून ते किती सहज राहून जाईल याचा विचार करा.

म्हणून नियम एकच ठेवा. व्रत घ्यायचं ते स्वतःपुरतं घ्यायचं, आणि लग्न करायचंच असेल तर साखरपुड्याच्या आधी सांगायचं. 'मला संबंध नकोत, आयुष्यभर. तरीही सोबत हवी आहे. तुम्हाला हे चालेल का?' चालणारी माणसंही असतात. शेजारच्या तालुक्यात असं एक जोडपं मला माहीत आहे, पन्नाशीत लग्न केलं, दोघं मिळून फुलझाडांची नर्सरी चालवतात.

मत वेगळं निघालं तर

मतभेदात दोन प्रकार आहेत, ते ओळखायला शिका. मूल कधी, एक की दोन, संबंध किती वेळा, यात मधली वाट निघते. तिला तीन वर्षं थांबायचंय, त्याला एक, तर दोनवर जमतं. पण एकाला मूल हवंच आणि दुसऱ्याला नकोच, तिथं मधली वाट नाही. अर्धं मूल जन्माला घालता येत नाही. तिथं स्थळ मोडा, आणि हॉल ठरायच्या आधी मोडा. लोकांना 'जमलं नाही' एवढं पुरतं. त्यानं किंवा तिनं विश्वासानं सांगितलेलं गावभर करू नका.

मूल नको म्हणणाऱ्यांना वाटतं, हे आपलं आजकालचं खूळ आहे. तसं नाही. र. धों. कर्वे आणि मालतीबाई कर्वे यांनी शंभर वर्षांपूर्वी मूल नको असं ठरवलं. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. खटले झाले, एकात वकीलपत्र खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. मालतीबाईंचा यातला वाटा मला जास्त मोठा वाटतो. नवऱ्याला लोक नावं ठेवत, पण मूल नसलेल्या बाईला त्या काळात काय ऐकावं लागलं असेल ते मी सांगायला नको.

लांबवायचं ठरलं तर

हे ठरवून हळदीच्या आधीच जवळच्या उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रावर जा. दोघांनी जा. साधनं फुकट मिळतात.

नवीन जोडप्याला मी पहिल्यांदा निरोध सांगायचे, कारण त्यानं रोगापासूनही संरक्षण होतं. रोजची गोळी माला-एन, ती विसरून चालत नाही. छाया ही आठवड्याची गोळी, हिच्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, ठरलेल्या वारी. अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, त्यात पाळी अनियमित होते किंवा थांबते, घाबरून जायचं नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. तांबी एक प्रकारची पाच वर्षं चालते, दुसऱ्या प्रकारची दहा, हवी तेव्हा काढता येते. तांबी पोटात वर चढते, काळजात जाते, हे मी हजारदा ऐकलंय. गर्भाशयाच्या पिशवीचं चित्र काढून दाखवलं की बायकांची भीती जायची. संबंधाच्या वेळी निरोध फाटला तर ७२ तासांच्या आतली गोळी आहे, जितकी लवकर तितकी चांगली. ती कधीतरी घ्यायची, दर वेळची पद्धत नाही.

ज्यांना मूल नकोच आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. सरकारी शिबिरात नसबंदीसाठी जोडप्याला निदान एक मूल असावं लागतं. तेव्हा तांबीसारखं लांब मुदतीचं साधन हाच सोपा मार्ग. आणि मुलं झाल्यावर ऑपरेशनची वेळ येईल तेव्हा पुरुषानं पुढं व्हावं, ही माझी कळकळीची विनंती. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो, फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुषांचं प्रमाण आहे ०.३ टक्के. मर्दानगी जाते, अंगातलं बळ जातं, असल्या समजुतीपायी सगळं ओझं बायकांच्या पोटावर.

घरच्यांना कोणी सांगायचं

सुनेनं सासूला सांगायचं नाही. ज्याची आई त्यानं सांगायचं. मुलानं स्वतःच्या आईजवळ बसून म्हणायचं, 'आम्ही दोघांनी ठरवलंय, तीन वर्षं मूल नाही. हा माझाही निर्णय आहे, तिला काही बोलू नकोस.' 'माझाही' हा शब्द गाळू नका. तो गाळला की खापर सुनेच्या डोक्यावर फुटतं.

मोठ्यांना कधी आकडा पटतो. २००७ साली आमच्या सातारा जिल्हा परिषदेनं 'सेकंड हनिमून' नावाची योजना काढली. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. पाच हजारांपेक्षा 'सरकारच थांबा म्हणतंय' या वाक्याचा मला जास्त उपयोग झाला. मी घरोघरी सासवांपुढं तेच म्हणायचे. आणि वर सांगितलेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. एकावर थांबणारं घर आता जगावेगळं राहिलेलं नाही.

हळदीकुंकवाला 'गोड बातमी कधी?' असं विचारतातच. 'आमचं ठरलंय, तुम्हाला कळेलच' म्हणा आणि तिळगूळ पुढं करा. आणि ज्यांच्या घरी हळदीकुंकू असतं त्यांना माझं सांगणं: मूल नसलेलीला, विधवेला, लग्न न केलेलीला बोलवा, ओटी भरा. डोहाळजेवणालाही बोलवा. माझ्या घरी वीस वर्षं सगळ्या येतात, आणि माझ्या घरातल्या पोराबाळांना काही झालेलं नाही.

लग्नानंतर

आधी 'हो' म्हटलं म्हणजे रोज 'हो' असं होत नाही. सज्ञान पत्नीवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती आपला कायदा अजून बलात्कार धरत नाही, पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, आणि १८१ वर कधीही फोन करता येतो. दिवस गेले आणि ते ठेवायचे नसतील तर सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं होतं, काही ठरलेल्या परिस्थितीत दोघांच्या मतानं २४ पर्यंत. दवाखान्यात कुणी नवऱ्याची सही आणायला सांगितलं तर हे शांतपणे सांगा.

आणि तो कागद फेकू नका. मतं बदलतात, दोन्ही बाजूंनी बदलतात. वर्षातून एकदा दोघांनी आपापला नवा कागद लिहायचा आणि एकमेकांना दाखवायचा.

माझी एकुलती एक मुलगी पुण्यात असते. २९ वर्षांची होती तेव्हा एका रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बिरड्याचे वाल सोलत होतो. परातीत वाल टाकता टाकता ती म्हणाली, 'आई, आम्ही मूल नको असं ठरवलंय.' ३१ वर्षं मी परक्या घरांत जाऊन हेच बोलत होते, तरी दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी तिला फोन केला आणि विचारलं, दोघांचं मिळून ठरलंय ना? 'हो' म्हणाली. मग मी तिच्या सासूबाईंना फोन केला नाही. ते तिच्या नवऱ्याचं काम होतं, आणि त्यानं ते केलं.

ती दोघं दर पाडव्याला कागद लिहितात. यंदा जावयाच्या कागदावर मुलापुढे 'नको'च्या जागी 'अजून ठरलं नाही' आलं. मुलीचं 'नको' तसंच आहे. हे तिनंच मला सांगितलं, जेवायच्या आधी, आणि दोघं अजून बोलतायत असंही सांगितलं. मी पानं वाढायला घेतली.